वयाला शोभेल अशी भीती

आत्या कुणाला मिठी मारायची तेव्हा तिचे हात आधी पाठीवर जायचे नाहीत. ते आधी केसांत जायचे, तिथून मानेवर, खांद्यांवर, मग दोन्ही कुशींवरून कमरेपर्यंत खाली. एवढं झाल्यावर काही सापडलं नाही तर ती माणसाला जवळ घ्यायची. सापडलं तर आधी ते काढून घ्यायची. केसांतल्या पिना, ओढणीची सेफ्टी पिन, ब्लाउजचा सुटत आलेला हूक, तिच्या बोटांना सगळं कळायचं. नव्या माणसाला वाटायचं, काय प्रेमळ बाई आहे, कशी मायेनं हात फिरवते! आम्ही घरातली मंडळी तिला पाठीमागे 'चेकिंगआत्या' म्हणायचो आणि तिच्याकडे जाताना रिक्षातच केसांतल्या पिना काढून पर्समध्ये टाकायचो.

तिलाही दोष देता येत नव्हता. ती खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात होती. तिचे यजमान तिथेच कामाला होते. ते काविळीनं गेले आणि त्यांच्या जागी अनुकंपेवर आत्या लागली. वर्ध्याकडच्या खेड्यातली, तिशीच्या आतली, एकटी बाई. पहिली काही वर्षं तिनं आत बसून दारू भरण्याचं काम केलं. पुढे या बाईचा हात आणि नजर दोन्ही बारीक आहेत हे साहेबांच्या लक्षात आलं आणि तिला दारावर घेतलं. सकाळच्या पाळीच्या बायका आत जाण्याआधी तिच्यासमोर उभ्या राहायच्या. जिथे दारू भरतात तिथे ठिणगी चालत नाही, आणि ठिणगी कशानंही पडू शकते. पिनेनं, बांगडीनं, जोडव्यानं, नायलॉनच्या परकरानं, फार काय, लोकरीच्या स्वेटरनंसुद्धा. म्हणून आत सगळं सुती. केसही सुती नाडीनं बांधायचे, मंगळसूत्र काढून ठेवायचं, चपला बदलायच्या. प्रत्येकीचं हे सगळं झालंय की नाही, ते आत्या हातानं चाचपून ठरवायची.

मी इंजिनिअरिंगसाठी पुण्याला आले ती तिच्या क्वार्टरमध्येच राहिले. दोन खोल्या, समोरच्या खोलीत बुद्धाची मूर्ती, आणि भिंतीवर एकही खिळा नाही. कॅलेंडरसुद्धा दोऱ्यानं खिडकीच्या गजाला बांधलेलं. मी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, "आत्या, तुमच्या कारखान्यात कधी काही झालंय का गं?"

"नाही."

"कधीच नाही?"

"माझ्या पाळीत कधीच नाही."

"मग तू एवढी का घाबरतेस?"

ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "घाबरते म्हणूनच नाही झालं. एक पिन राहिली नं, प्रज्ञा, की…" आणि तिनं पुढचा खडा उचलला. हे वाक्य मी तिच्या तोंडून पुढेही खूप वेळा ऐकलं, पण ते तिनं कधी पूर्ण केलं नाही. पूर्ण न केल्यामुळेच ते जास्त भीतीदायक वाटायचं. त्या 'की'च्या पुढे काय असेल याची चित्रं मी अभ्यास करता करता रंगवत बसायची.

भीती सर्दीसारखी घरभर पसरते, हे मी त्या दोन खोल्यांत शिकले. डिसेंबरात एकदा मी मैत्रिणीचा ॲक्रिलिकचा स्वेटर घालून आले. दारातच तो डोक्यावरून काढला तेव्हा, हवा कोरडी असली की होतं तसं, केसांपाशी बारीक तडतडलं. आत्या स्वयंपाकघरात होती. तिला ते तिथवर ऐकू आलं. ती बाहेर आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. माझ्या हातातून तो स्वेटर तिनं चिमटीत घेतला, अंगणात नेऊन दोरीवर टाकला आणि परत येऊन खाली बसली. मी हसायच्या बेतात होते, पण तिच्याकडे पाहिलं आणि उठून आधी गॅसची नळी बघून आले. त्यानंतर मी कुणाकडेही गेले तरी आधी गॅसच्या नळीकडे बघते. ती सवय अजून गेलेली नाही.

दिवाळीत तर ती घराला वेढाच घालायची. आमच्या घरात फटाक्यांची पद्धत नव्हतीच, पण शेजारपाजारच्यांना कोण सांगणार? पहिली लवंगी वाजली की ती खिडक्या लावायची, दाराच्या फटीशी ओली चादर गुंडाळून ठेवायची आणि आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसायची. मी म्हणायची, "अगं, फुलबाजी आहे ती!" ती म्हणायची, "फुलबाजीला माहीत असतं का आपण फुलबाजी आहोत ते?"

साठीला ती निवृत्त झाली आणि क्वार्टर सोडावं लागलं. मला तोवर नोकरी लागली होती, वाघोलीला एक छोटा फ्लॅट घेतला होता. मी तिला घेऊन आले. सामान आवरताना तिचं कपाट उघडलं आणि मला कसंतरीच झालं. कारखान्याचे सुती गणवेश, धुऊन धुऊन रंग गेलेले. घरात नेसायच्या चार सुती साड्या, त्याही फिक्या. आणि वंदनेसाठी एक पांढरी. बस्स. सणासुदीचं, समारंभाचं असं काहीच नाही. समारंभांना ती जायचीच नाही. सगळ्या बायका सिल्क नेसून, पिना टोचून येणार, वर समया आणि लायटिंग. अशा जागी तिचा श्वास कोंडायचा.

वाघोलीच्या आमच्या सोसायटीत साठीच्या बायका संध्याकाळी खालच्या बाकांवर बसतात. आत्या गॅलरीतून त्यांच्याकडे बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "या वयात काय घालतात गं?" तिच्या आवाजात चौकशी कमी आणि धास्ती जास्त होती. मी म्हटलं, "तुला आवडेल ते घाल." ती म्हणाली, "तेच तर माहीत नाही नं. मला काय आवडते ते कोणी विचारलंच नाही. मीबी नाही विचारलं." तिच्या बोलण्यातलं वर्धा इतक्या वर्षांत पुण्याला पुसता आलं नव्हतं, आणि घाबरली की ते आणखी वर यायचं.

खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंना सल्ला द्यायला निमंत्रण लागत नाही. त्यांनी आत्याला एकदा लिफ्टमध्येच गाठलं. "अहो, आता साठी झाली ना तुमची? मग फिके रंग बरे. मोतिया, बदामी. वयाला शोभेल असं असावं माणसानं." आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं, (मला खात्री आहे, पिना मोजत होती) आणि शांतपणे म्हणाली, "फिके रंग नोकरीभर घातले, ताई. वयाचं काय, आता सुरुवात करायची आहे." जोशीकाकू तीन मजले गप्प होत्या. हा आमच्या इमारतीतला विक्रम असावा.

पण घरी आल्यावर आत्याच गडबडून गेली. बोलून बसले, आता काय करू, असं तिचं झालं. आरशासमोर उभी राहायची, लगेच बाजूला व्हायची. माझ्या ओढण्या एकेक करून खांद्यावर टाकून बघायची आणि कुणी पाहिलं का म्हणून दाराकडे बघायची. नायलॉनची असली की हातात घेतल्या घेतल्या खाली ठेवायची. मोरपंखी रंगाच्या एका सुती ओढणीशी मात्र ती दोन-तीनदा परत आली. मला कळलं, पण मी काही बोलले नाही. बोलले असते तर तिनं तीही खाली ठेवली असती.

त्याच सुमारास माझं लग्न ठरलं. सुमित माझ्याच ऑफिसातला, माणसं चांगली. सकाळी बौद्ध पद्धतीनं लग्न, पांढऱ्या कपड्यांत, अर्ध्या तासात उरकणारं. आणि संध्याकाळी रिसेप्शन, ते मात्र सासरच्यांच्या हौसेनं. माझे वडील नाहीत. आई गावाहून येणार होती, पण पुण्यात मला उभं केलं ते आत्यानं. मी तिला सांगितलं, "स्टेजवर माझ्या बाजूला तू उभी राहायचं." दुसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, "मोरपंखी मिळेल का? सिल्कमधे?"

सिल्क! जी बाई रेशमी रुमालालाही हात लावत नव्हती ती. मला आनंद झाला आणि त्याच क्षणी भीतीही वाटली. ही आता एकतर मोकळी होईल, नाहीतर मोडेल. मधलं काही होईल असं मला वाटेना.

लक्ष्मी रोडवरच्या एका जुन्या दुकानात गेलो. गादीवरच्या गृहस्थांनी साड्यांचा ढीग घातला. आत्यानं एक मोरपंखी उचलली, रुंद काठांची, पदरावर लहान लहान कोयऱ्या. अंगठा आणि बोट यांच्यात पोत चोळून पाहिला आणि मग काठाच्या टोकाचा निघालेला एक धागा तोडला. "हा जाळून बघू का?" तिनं विचारलं. "नायलॉन मिसळलं असलं तर गोळी होते."

गृहस्थ चष्म्यावरून बघत म्हणाले, "आजी, साडी नेसायची आहे की पेटवायची आहे?"

"नेसायची आहे. म्हणूनच विचारून राहिले."

"आमच्याकडे तीन पिढ्या माणसं नेसूनच जातात. पेटलेली एकही परत आलेली नाही."

मला हसू आवरेना, पण आत्या तो धागा चिमटीत धरून फुटपाथवर गेली. काडी ओढायची माझ्यावर आली. तिनं मान फिरवली, डोळे मिटले, धागा जळल्यावर मात्र नाक पुढे केलं. "जळक्या केसांचा वास. रेशीमच आहे," ती म्हणाली. दुकानात परत जाऊन तिनं ती साडी बांधून घेतली. घरी येईपर्यंत पिशवी मांडीवर न ठेवता पायांशी ठेवली होती.

मग आमच्याकडे सराव सुरू झाला. दुपारचं जेवण झालं की आत्या सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करायची, बुद्धापुढची उदबत्ती विझवायची, टीव्हीचं बटण बंद करायची आणि ती साडी नेसून गॅलरीतल्या लाकडी स्टुलावर बसायची. दोन्ही हात मांडीवर, पाठ ताठ, श्वास रोखलेला. दंतवैद्याकडे बसतात तशी. मी घरून काम करत असले की मीटिंगमध्येही माझं अर्धं लक्ष गॅलरीकडे. सुरुवातीला ती लवकर उठायची. पुढे तिथे बसून लसूण सोलायला लागली. एकदा तर गुणगुणताना ऐकलं, आणि मी लॅपटॉपवरचा आवाज बंद करून ऐकत राहिले.

अडचण पिनेची होती. सुती साडी तिच्या अंगावर न टोचता अशी बसायची की बघावं. पण रेशीम सुळसुळीत, पदर सारखा घसरायचा. "एकच लावू या, खांद्यावर," मी म्हटलं. तिनं डोळे मिटले. मी पिन टोचली तेव्हा तिचा खांदा लाकडासारखा ताठ झाला होता आणि कपाळावर घाम होता. डोळे उघडून तिनं पहिल्यांदा घरभर नजर फिरवली. काही झालं नव्हतं. मग आरशात पाहिलं. मी तिला आरशात एवढा वेळ बघताना कधी पाहिलं नव्हतं. पांढरे केस, सावळा रंग आणि तो मोरपंखी. "ही मी आहे का?" असं ती इतक्या हळू म्हणाली की मला वाटतं ते मला ऐकवायचं नव्हतं. खरंच सांगते, माझी आत्या सुंदर होती, आणि हे तिला बासष्टाव्या वर्षी कळत होतं.

रिसेप्शनला ती तशीच आली. त्या एका पिनेसह. माझ्या सासूबाई आईच्या कानाशी म्हणाल्या, "आत्यांनी अगदी ठसठशीत नेसलंय हं, या वयात," आणि त्यातला टोमणा वेगळा काढून ठेवला तरी कौतुक बरंच उरत होतं. आत्या स्टेजवर आईशेजारी उभी राहिली. मी आणि सुमित हॉलच्या दाराशी थांबलो होतो. गाणं लागलं, दारं उघडली आणि आम्ही चालायला लागलो.

आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सुमितच्या मावसभावांनी हौसेनं ठरवलेलं 'सरप्राइज' होतं ते. वाटेच्या दोन्ही बाजूंना ठेवलेल्या डब्यांतून एकदम चांदीसारख्या ठिणग्यांचे फवारे उडाले, माणसापेक्षा उंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र समोर आत्याकडे पाहिलं.

तिचा हात खांद्यावर गेला. तिनं ती पिन ओढून काढली, ब्लाउज फाटेल इतक्या जोरानं, आणि पदर खाली घसरला. तसाच राहू दिला. पिन मुठीत घट्ट धरून ती स्टेजच्या कडेला आली आणि ओरडली, "बाहेर! सगळ्या बाहेर!"

हॉलमध्ये पुरुष होते, मुलं होती, आमच्या ऑफिसातले साहेब होते. ती 'सगळ्या' म्हणत होती. तिला कोण दिसत होत्या ते मला एकटीला कळलं. माझा घागरा जड होता. तो उचलून मी धावले. कुणीतरी हसलं, कुणीतरी मोबाइल वर धरला. तिनं माझं मनगट पकडलं आणि ती मला दाराकडे ओढू लागली. तिच्यात इतकी ताकद कुठून आली माहीत नाही. "पिन माझी होती," ती म्हणत होती, "प्रज्ञा, पिन माझी होती." मला तेव्हा ठिणग्यांची नाही, तिच्या डोळ्यांची भीती वाटली.

तोवर फवारे आपोआप संपले. ते डबे लावणारा मुलगा अपराधी चेहऱ्यानं सांगत राहिला, "मॅडम, हे थंड असतं, हात घातला तरी भाजत नाही." आईनं आत्याच्या खांद्यावर पदर ओढला. माणसं जेवायला वळली. काहीही झालं नव्हतं.

तिला ताप आला. आम्ही बाहेरगावी जायचं रद्द केलं; सुमितही वाघोलीलाच राहायला आला. ताप उतरल्यावर ती जे बोलली ते मला अजून झोपू देत नाही. मी तिला पेज भरवत होते. ती म्हणाली, "मी घाबरते म्हणून काही होत नाही, असं मला वाटायचं. त्या दिवशी मी रेशीम नेसले. पिन लावली. एवढ्या ठिणग्या उडाल्या. काही झालं का?"

"नाही, आत्या."

"नाही झालं. म्हणजे मी दारावर नसते तरी काही झालं नसतं. हो नं? मग मी इतकी वर्षं काय केलं, प्रज्ञा?"

मी इंजिनिअर आहे. मी तिला समजावलं की रिसेप्शनच्या हॉलमध्ये दारूगोळा नसतो, ते डबे वेगळे, कारखाना वेगळा. लहान मुलाचं ऐकावं तसं तिनं ऐकून घेतलं. शेवटी मी म्हटलं, "काहीही होऊ दिलं नाहीस. हे केलंस."

"हे तू म्हणून राहिली," ती म्हणाली. "जे झालंच नाही ते मी थांबवलं, हे कोण सांगेल?"

त्यानंतर आत्याची भीती गेली. इतकी वर्षं आम्ही जिची वाट पाहिली ती गोष्ट घडली आणि घर भकास झालं. ती सिलिंडर बंद करेना. दूध गॅसवर ठेवून गॅलरीत जाऊन बसायची. दूध उतू जाऊन गॅस विझायचा, वास सुटायचा, आणि तिला कळायचं नाही. माझ्या केसांतल्या पिना तिला दिसेनात. मोरपंखी साडी तिनं कपाटात अगदी तळाशी घातली आणि पुन्हा त्या फिक्या साड्या नेसू लागली. जोशीकाकू म्हणाल्या, "आता कसं वयाला शोभतं!" मला त्यांना लिफ्टमधून खाली ढकलावंसं वाटलं. ऑफिसातून मी दिवसभर फोन करायची, "गॅस बंद आहे ना?" पलीकडून ती म्हणायची, "असेल." मी आयुष्यात इतकी घाबरले नव्हते. तिची सगळी भीती तिनं माझ्याकडे राहायला पाठवली होती.

हे किती दिवस चाललं असतं कोण जाणे. एका रविवारी सकाळी मी उठून आले तर आत्या ओट्यापाशी उभी, मोरपंखी रेशमात. गॅस पेटलेला, त्यावर चहा. तिच्या हातातल्या बश्या एकमेकींवर वाजत होत्या.

"आत्या! काय करून राहिलीस?" मी तिच्याच भाषेत ओरडले.

"चहा," ती म्हणाली. मग गाळणी खाली ठेवून म्हणाली, "भीती टाकून बघितली. जमत नाही. ती टाकली तर मी उरतच नाही गं. पण ती तरुणपणची भीती आता अंगाला बसत नाही, लोंबते नुसती. जरा मापात घ्यायची. वयाला शोभेल अशी." आणि तिनं गॅस बंद केला. बंद केल्यावर बटणाला एकदा हात लावून पाहिलं. एकदाच.

तेव्हापासून तिचं जे रूप झालं ते शेवटपर्यंत राहिलं. रोजच्याला सुती, पण रंग गर्द. जांभळा, बाटलीसारखा हिरवा, पिकल्या मिरचीचा लाल. केस कापून मानेपर्यंत आणलेले आणि कापडी फितीनं मागे बांधलेले. पौर्णिमेला विहारात जाताना पांढरी. आणि मनात आलं की मोरपंखी, कुठलंही निमित्त नसताना, भाजी आणायलासुद्धा. पिन लावायची नाही; पदर डाव्या हातानं धरून चालायची आणि ते धरणं इतकं डौलदार दिसायचं की सोसायटीतल्या दोन मुली तसं करून बघायच्या. दिवाळीत खिडक्या अजून लावायची, पण आता काचेपाशी बसून बघायची. भीती होतीच. तिचं माप बदललं होतं.

प्रश्न मात्र गेला नाही. मध्येच, भाजी निवडताना, ती थांबून म्हणायची, "सांग नं, काय केलं मी?" मी दर वेळी तेच उत्तर द्यायची आणि ती दर वेळी समजूतदारपणे मान हलवायची. तिला ते पटत नव्हतं हे मला माहीत होतं. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, कळलंही नसेल. मला एवढंच वाटत राहिलं की ती तो प्रश्न घेऊनच गेली.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम खडकीच्या विहारात ठेवला. आमच्याकडची माणसं पांढऱ्या कपड्यांत चटयांवर बसली होती. वंदना सुरू व्हायच्या आधी दाराशी गलबला झाला आणि बायका आत येऊ लागल्या. म्हाताऱ्या बायका. कुणी काठी टेकत, कुणी नातवाचा हात धरून, कुणी गुडघे धरून पायरी चढत. आणि त्यांचे कपडे! डाळिंबी सिल्क, जरीचे काठ, शिफॉन, एकीचा चमचमता पंजाबी ड्रेस, हातभर बांगड्या, एका पंच्याहत्तरीच्या आजींच्या ओठांना लिपस्टिक. आई माझ्या कानाशी म्हणाली, "या काय लग्नाला आल्यात?" विहारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. मलाही क्षणभर राग आला.

नारिंगी पैठणी नेसलेल्या एक उंच बाई माझ्यासमोर येऊन बसल्या. "मी कमल. कारखान्यात होते," त्या म्हणाल्या. "तू प्रज्ञा ना? रागावू नकोस. आम्ही ठरवून असं आलोय."

"ठरवून?"

"आम्ही पोरी होतो तेव्हा. एखादीचं नवं लग्न झालेलं असायचं, दारावर हिरवा चुडा उतरवताना रडायची. दुसरी हट्ट करायची, एकच पिन ठेवते म्हणून. तुझी आत्या कुणाचं ऐकायची नाही. काढून घ्यायची म्हणजे घ्यायची. पण प्रत्येकीला सांगायची, 'आत्ता सुती घाल. साठी झाली की काय नेसायचं ते नेस, कुणाच्या बापाला विचारू नको. तिथवर तुला पोचवायचं काम माझं.'"

त्या बोलत होत्या आणि त्यांच्यामागे बायका अजून येतच होत्या. चटया पुरेनात तशा भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या. दोन्ही हात, दोन्ही डोळे शाबूत, पिकलेले केस, कानात ऐकायची यंत्रं, कडेवर पणतू.

कमलताई उठल्या, आत्याच्या फोटोपाशी गेल्या आणि पाळीवर हजेरी द्यावी तशा ताठ उभ्या राहिल्या.

"सुमनबाई," त्या म्हणाल्या, "आम्ही सगळ्या पोचलो."